जुने माग, नवे माग

बँकॉक
१३ जुलै १९९७

ती. बाबा व ती. आई यांस पंचशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आणि शेवेचं पाकीट, दोन्ही पोचलं. लसणाची शेव ऑफिसात दोन दिवसांत फस्त झाली. आता इथले लोक मला इंदूर नकाशात कुठे आहे ते विचारतात. माझी तब्येत ठीक आहे, आईने फिकर करू नये.

बाबा, इथल्या बाथचं पेपरात वाचलं असेलच. इतकी वर्षं पंचवीस बाथ दिले की एक डॉलर मिळायचा. सरकारनेच तो भाव धरून ठेवला होता. म्हणून आमची फायनान्स कंपनी परदेशातून स्वस्तात डॉलर घ्यायची आणि इथल्या कारखान्यांना कर्जाऊ द्यायची. भाव कधी हलेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग परदेशी पैसेवाले भराभर पैसे काढून न्यायला लागले, सरकारजवळचे डॉलर आटले आणि दोन तारखेला सरकारने हात वर केले, बाथ गडगडला. ज्याने डॉलरमध्ये कर्ज घेतलंय, त्याचं कर्ज एका दिवसात फुगलं.

मला घोर लागलाय खुन माली यांचा. 'खुन' म्हणजे आपलं 'जी'. शहराबाहेर त्यांची कापडाची मिल आहे, दोनशे चाळीस बायका कामाला आहेत, कापडही चांगलं खपतं. गेल्या वर्षी नव्या मागांसाठी त्या बाथमध्येच कर्ज मागत होत्या. डॉलर स्वस्त पडतो, तोच घ्या, असं मी त्यांना समजावलं. त्या फाईलवर सही माझी आहे.

लिहीत राहा. तुमच्या अक्षरानेच मला धीर येतो.

तुमची
पंचशीला


जुनी इंदूर
२ ऑगस्ट १९९७

चि. पंचशीलास भाऊरावचे अ. उ. आ.

घरी सगळं खुशाल. बड़ा गणपतीजवळच्या रेडिमेडवाल्याकडे शिलाई मशिनी दुरुस्त करायचं माझं काम चालू आहे. तुझं पत्र वाचून मी सराफ्यात गेलो आणि एका सोनाराला बाथचा भाव विचारला. त्याने मला तराजूचे बाट काढून दाखवले आणि किती किलोवाला पाहिजे ते विचारलं. तुझी आई दोन दिवस हसते आहे.

आता सीधी बात. पाच वर्षांमागे आमची मिल बंद पडली तेव्हा सगळे बोलले की माग जुने आहेत, बाहेरचा माल आता खुला येणार, असल्या मागांवर तुमचा टिकाव लागणार नाही. मी ते मानलं. स्वतःच्या मागाची लाज वाटली मला. पण त्या मालीजींचे माग तर एकदम कोरे. कापड विकलं जातंय, बायका मेहनती. तरी गळ्याशी आलं. मतलब चूक मागाची नव्हती काय? मला याचा उलगडा होत नाही. तुला झाला तर कळव.

आणि एक. ती मिल बंद होणार असेल तर त्या बायकांना आधी कळू दे. आम्हाला गेटवरच्या कुलपाने सांगितलं.

तुझा
बाबा

ता. क. बाबा नीट जेवत नाहीत. तुझं पत्र तीनदा वाचून झालं. तू जेवतेस ना? — आई (मंजुळा)


बँकॉक
७ सप्टेंबर १९९७

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथल्या मोठ्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, कारखाना चांगला की वाईट हे आता कोणी बघत नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांना थायलंडमधून बाहेर पडायचंय, एवढंच. ते आमच्याकडे डॉलर मागतात, आम्ही कारखान्यांकडे मागतो.

मी मालीजींकडे जाऊन आले. गंमत बघा, बाथ पडल्यामुळे त्यांचं कापड परदेशात स्वस्त झालंय आणि मागणी वाढली आहे. पण सूत आणायला कुठलीच बँक पैसे देत नाही. एक वर्षाची मुदत द्या, मिल उभी राहील, असा नऊ पानी अहवाल मी लिहिला. साहेबांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला. नोव्हेंबरअखेर कर्जापोटी त्यांचे माग उचलून आणायचं ठरलंय. तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये, गेला तर नोकरी जाईल, असं त्यांनी मला बजावलं.

परवा नोई नावाची एक विणकर माझ्याजवळ आली. तिची मुलगी गावी आजीजवळ असते. तिला इकडे आणून शाळेत घालू का, मिल चालेल ना, असं तिने विचारलं. मी घड्याळ बघितलं आणि उशीर झाला म्हणून निघून आले.

बाबा, मी काय करू?

उत्तराची वाट बघणारी
पंचशीला


जुनी इंदूर
२८ सप्टेंबर १९९७

चि. पंचशीलास अ. उ. आ.

हे पत्र मी आईला दाखवलेलं नाही.

मी मागच्या पत्रात लिहिलं की आम्हाला कुलपाने सांगितलं. ते खरं नाही. बाकीच्यांना कुलपाने सांगितलं. मला पंधरा दिवस आधी माहीत होतं. मी जॉबर, वीस माणसं माझ्या हाताखाली. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मिल बंद होते आहे, गडबड होऊ देऊ नको, पुढे तुझं बघू. पुढे कोणीच काही बघितलं नाही, ते सोड.

त्याच हफ्त्यात माझ्या हाताखालच्या पांडुरंगने मला विचारलं. तुला आठवेल, दर एक जानेवारीला आपल्याकडे जेवायला यायचा. त्याला पीथमपूरच्या कारखान्यात पक्की नोकरी मिळत होती. जाऊ का, की मिल चालेल, असं बोलला. मी बोललो, चालेल. त्याने ती नोकरी घेतली नाही. आज तो परदेशीपुऱ्यात राहतो आणि देवास नाक्याला गोदामात बोऱ्या उचलतो. पाच वर्षांत मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही.

नोकरी मोठी आहे बेटा, तुझ्या पगारावर या घराचं छप्पर बदललं. म्हणून तू हेच कर असं मी लिहीत नाही. चूप राहिलं की मागून काय होतं, एवढंच लिहितो.

तुझा
बाबा


बँकॉक
१४ डिसेंबर १९९७

ती. बाबा व ती. आई यांस सविनय जयभीम. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. लिहिण्यासारखं काही हाती लागेपर्यंत थांबले.

बाबा, तुमचं पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मालीजींना सगळं सांगितलं. डॉलरचा सल्ला माझा होता आणि तो चुकला, हेही सांगितलं. मग दुपारी माग थांबवून त्यांनी सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं आणि मला शेजारी उभं केलं. रडारड झाली. एकीने मला तोंडावर विचारलं की तुला कधीपासून माहीत होतं. मी खरी तारीख सांगितली.

शंभरेक जणी भातकापणीला गावी परतल्या. उरलेल्यांनी मार्ग काढला. एक परदेशी गिऱ्हाईक स्वतःचं सूत पाठवायला तयार झालं, मिलने फक्त विणून द्यायचं. निम्मे माग चालू आहेत. साहेबांनी मला डिसेंबरअखेरची नोटीस दिली होती, पण ती संपायच्या आधी, आठ तारखेला, सरकारने आमच्या कंपनीसकट छप्पन्न फायनान्स कंपन्या कायमच्या बंद केल्या. मला ते रेडिओवर कळलं. कंपनीच डळमळत होती, म्हणून नोव्हेंबरअखेर माग उचलायला कोणी आलं नाही, अजूनही आलेलं नाही. पुढे कोणी येईल की नाही, मालीजींनाही माहीत नाही.

गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहायला त्यांनी मला मार्चपर्यंत ठेवून घेतलंय. पगार थोडा आहे. नोई गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

मी बरी आहे. इथल्या विहारात जाऊन बसते, बरं वाटतं. आठवण काढत राहा.

तुमची
पंचशीला


जुनी इंदूर
४ जानेवारी १९९८

चि. पंचशीलास आई-बाबांचे अ. उ. आ.

तुझं पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलं आणि मग माझी गोष्टही सांगितली. ती बोलली, पांडुरंग जेवायला यायचा बंद झाला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मग तिने माझी चप्पल काढून दाराशी ठेवली, आता त्याच्याकडे जा बोलली.

मी परदेशीपुऱ्यात गेलो. पांडुरंग ओसरीवर बसून डोक्याला तेल लावत होता. केस सगळे पांढरे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पंधरा दिवस, केबिन, सगळं. त्याची बायको अंबिका आतून ऐकत होती. तिने मला चांगलं सुनावलं. त्या नोकरीवर मोठ्या मुलाचं शिक्षण झालं असतं, असं बोलली. मी ऐकून घेतलं. ऐकायलाच गेलो होतो.

पांडुरंग तेल लावतच राहिला. मी निघालो तेव्हा त्याने हे सगळं आजच कसं सुचलं ते विचारलं. मी तुझी गोष्ट सांगितली. त्याने दोन-तीनदा विचारलं की पोरीने खरोखर सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं काय. मी हो बोललो. मग त्याने तिथल्या मागांची रुंदी किती, आवाज कसा, एक बाई किती माग सांभाळते, असं खोदून खोदून विचारलं.

पुन्हा ये असं तो बोलला नाही. पण मागांचं पोरीकडून विचारून घे, बोलला. तेव्हा सगळं बारीक लिहून पाठव. तुझं पत्र आलं की मला त्याच्याकडे जायचं आहे.

आमची माया तुला ठाऊकच आहे.

तुझा
बाबा