‘टँकर’ हळू झाला तेव्हा

प्रिय जया,

‘प्रिय’ हा शब्द मी तुझ्यासाठी कधी वापरला नव्हता. तू असतास तर विचारलं असतंस, मास्तरीण, डोकं ठिकानावर हाय ना? नाहीये रे. म्हणून तर लिहायला बसले आहे. शनिवारी ठाण्यात आपल्या बँडचा शो आहे, तू गेल्यानंतरचा पहिला, आणि मला भीती वाटते आहे. स्टेजची नाही, गर्दीची नाही. ‘टँकर’ची.

सुशांतला सांगून पाहिलं. तो म्हणाला, गौरी, शेवटी गाणंच आहे ते. वाक्य पुरं करून गिटारची तार बदलायला लागला. त्याचंही बरोबर आहे, ते गाणं त्यानेच लिहिलंय, त्याला ते गाण्याएवढंच दिसतं. मला त्यात तू दिसतोस. आता हे सांगायचं कुणाला? तुलाच. सुरुवात तू करून ठेवलीस, तूच ऐक.

आठवतं, पहिल्यांदा कसलं धावायचं ते गाणं! दिवा स्टेशनजवळच्या सुशांतच्या बिल्डिंगला चार दिवस पाणी नव्हतं, मग टँकर आला, आणि त्याच्या आईने त्याला गळ्यातल्या गिटारसकट हंडा घेऊन खाली पिटाळलं. तिथेच गाणं झालं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात आपण ते बसवलं. तू ड्रमच्या काठ्यांवर ‘वन टू’ म्हणेपर्यंत सुटलेला असायचास आणि मी बास गिटार घेऊन तुझ्यामागे धापा टाकत. आमच्या सोसायटीच्या गणपतीत वाजवलं, तेव्हा सेक्रेटरी काका येऊन म्हणाले, छान होतं, फक्त शब्द कळले नाहीत, पाण्याविषयी काही होतं का? तू त्यांच्यासमोरच हसत सुटलास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग कल्याणच्या कॉलेजच्या मैदानात मधेच लाईट गेली. माझा बास मुका, सुशांतचा माइक मुका, सगळं मैदान काळोखात. तुझं मात्र काहीच प्लगला लावलेलं नव्हतं, त्यामुळे तुझं काही बंदच पडलं नाही. तू वाजवत राहिलास. पोरांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि ‘टँकर आला, टँकर आला’ ओरडायला सुरुवात केली. लाईट आली तेव्हा सुशांत गाण्यात एकीकडून घुसला आणि मी दुसरीकडून! एवढी फजिती होऊनही उतरल्यावर तुझा हट्ट, आता दर शोला लाईट गेलीच पाहिजे. तेव्हापासून त्या जागी आपण आपणहून आवाज बंद करू लागलो, दिवेही घालवू लागलो. नवी माणसं घाबरून इकडेतिकडे बघायची आणि जुनी त्यांना गप्प करायची.

त्या काळोखात हळदीचा ठेका कधी शिरला? बाळकुमला तुझ्या चुलतभावाच्या हळदीनंतर. चारी बाजूंनी टॉवर आणि मधे तुमचं घर, घरापुढे मांडव. तुझे बाबा एके काळी ज्या बेंजो पार्टीत वाजवायचे, तिच्यातच तू जाऊन बसलास आणि जेवायलासुद्धा उठला नाहीस. पुढच्या रिहर्सलला तोच ठेका ‘टँकर’मध्ये. मी म्हटलं, मात्रा बसत नाहीत. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईने दुसरं काय म्हणायचं? तू म्हणालास, "मोजू नको मास्तरीण, नाच."

नाचता मला येत नाही. मोजून जमेना. मग मी काय करायचे, ते तुला कधी सांगितलं नाही. काळोखात मी तुझ्या हाय-हॅटच्या झांजांना चिकटून उभी राहायचे. शेवटच्या ठोक्याआधी तू किंचित थांबायचास आणि श्वास आत ओढायचास. तो ऐकला की मी तारेवर बोट टाकायचे, माझ्यामागून सुशांत यायचा, आणि लोकांना वाटायचं, काय यांचं टायमिंग! ते टायमिंग नव्हतं. तो तुझा श्वास होता.

आणि मग, गेल्या वर्षी, गाणं हळू व्हायला लागलं.

आधी ते माझ्या बोटांना कळलं, कारण त्यांना वेळ मिळायला लागला. मग शब्द कळायला लागले. लोक उड्या मारायचे थांबले आणि नुसते डोलायला लागले. टँकरच्या मागे धावण्याचं गाणं होतं ते, त्याचं टँकरची वाट बघण्याचं गाणं झालं. एका शोनंतर एक बाई सुशांतला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, मला रडू आलं. टँकरच्या गाण्यात रडू! सुशांत आठवडाभर जमिनीवर नव्हता.

काळोखातला भागही बदलला. तू काठ्या मांडीवर ठेवायचास आणि हात वर करायचास. मग तुमच्या हळदीचा ठेका सगळं मैदान टाळ्यांनी धरायचं आणि तू मधे डोळे मिटून, हसत बसायचास. जयाने गाणं लोकांच्या हातात दिलं, असं आम्ही सगळ्यांना सांगत फिरायचो. शेवटच्या शोचा व्हिडिओ तर इतका फिरला की आता लोक तेवढ्यासाठी येतात. मी तुला सरळ विचारलं होतं, हे हळू का झालं? तू म्हणालास, "गानं मोठं झालं मास्तरीण. मोठी मानसं धावतात का?" मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं.

तुझ्या दहाव्याला तुझ्या आईने मला आतल्या खोलीत नेलं. त्या रडत नव्हत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "दोन जिने चरला का दम लागाचा त्याला. डॉक्टर बोलला, वाजवाचा बंद कर. मना बोलला, आये, कोनला सांगू नको, मी हलू वाजवीन."

मी हलू वाजवीन! जया, अरे, काय केलंस हे? हृदयाची झडप बिघडली होती, ऑपरेशन सीझननंतर करू म्हणून तू ते पुढे ढकललंस, आणि आम्ही समजत राहिलो की आमचं गाणं पिकतंय. मांडीवरच्या काठ्या, मिटलेले डोळे... तू एवढ्या माणसांसमोर दम खात होतास आणि माणसं टाळ्या वाजवत होती. आम्हीही वाजवत होतो. का नाही सांगितलंस? आम्ही वाजवणं थांबवलं असतं म्हणून? थांबवलंच असतं! तुझ्या काठ्या घरी नेऊन माळ्यावर टाकल्या असत्या, आणि तू आज शिव्या घालायला असतास.

मला सगळ्यात जास्त घाबरवतं ते हे, की गेल्या वर्षी तुझा तो श्वास मला फार स्पष्ट ऐकू यायचा. मला वाटायचं, माझा कान तयार झाला.

तेव्हापासून कुठे काही बदललं की मी लगेच चौकशी करते. सुशांतने रिहर्सलला एक ओळ गाळली, तर मी बास ठेवून विचारलं, तुझा डावा हात दुखतोय का? तो शब्द विसरला होता. आई भाजी चिरता चिरता थांबली तरी मी स्वयंपाकघरात धावते. ती म्हणते, अगं, कोथिंबीर आणली का ते आठवत होते. शाळेत कोणी जिन्यात टेकलं की मी पाण्याची बाटली घेऊन हजर. पोरी मागे हसतात. हसू देत. मला तर आता सुरळीत चाललेल्या गोष्टीचीही भीती वाटते, कारण तुझं सगळं सुरळीतच दिसत होतं.

तुझ्या जागी तन्वी आली आहे. टिटवाळ्याची, आपल्यापेक्षा बरीच लहान, हात सुंदर आहे. तुला आवडली असती, आणि तिला छळलंही असतंस. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. तिने तो फिरलेला व्हिडिओ बघून ‘टँकर’ बसवलं आणि पहिल्या रिहर्सलला जसंच्या तसं वाजवलं. तसंच हळू. त्याच जागी काठ्या मांडीवर. जया, तिने डोळेसुद्धा मिटले आणि ती हसली. तुझा आजार पाठ करून आली होती पोरगी, आणि तिला वाटत होतं, ती गाणं शिकली.

शेवटच्या ठोक्याआधी मी सवयीने कान दिला. श्वास आला नाही. कसा येईल? व्हिडिओत तो ऐकूच येत नाही. माझं बोट तारेवर तसंच राहिलं. ठोका पडून गेला, मी आलेच नाही, म्हणून सुशांतही आला नाही. शनिवारी हे एवढ्या लोकांसमोर झालं तर? काळोखात सगळे उभे, आणि परत आणणारं कोणीच नाही?

मी म्हटलं, जुन्या चालीत वाजवू, धावतं. सुशांत म्हणाला, लोक हळूसाठी येतात. तरी करून पाहिलं. माझी बोटं एकमेकांत अडकली, त्याचे शब्द मागे राहिले. गाणं आता धावायला तयारच नाही. आणि हळू वाजवायला माझा हात तयार नाही, कारण ते तुझं दुखणं आहे, त्यावर मी टाळ्या कशा घेऊ? तन्वीने शेवटी विचारलं, ताई, नक्की कुठला टँकर? तो सांगा, तो वाजवते. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग ती पाणी प्यायली आणि घरी गेली.

परवा पुन्हा जमलो. काळोखातला भाग आला. तिने काठ्या मांडीवर ठेवल्या नाहीत. ड्रमच्या कडेवर बारीक बारीक टिचक्या मारत राहिली, पाय तुझ्या हळदीच्या ठेक्यात, आणि मग लय चढायला लागली. आधी थोडी, मग बरीच. मी बास उतरवला आणि ओरडले, थांब, काय होतंय तुला?

तिने काठ्या खाली ठेवल्या. "ताई," ती म्हणाली, "मला काही झालेलं नाहीये. मला फक्त असं वाजवावंसं वाटलं."

मी खालीच बसले रे, त्या गाळ्याच्या गार फरशीवर. एवढी सोपी गोष्ट! गाणं लाईट गेली म्हणून बदललं, भावाची हळद होती म्हणून बदललं, आणि तुला दम लागत होता म्हणूनही बदललं. बासवर उभं राहून तिन्ही वेळा मला सारखंच बरं वाटलं होतं. गाण्याने मला कधीच काही सांगितलं नाही, ते सांगतच नसतं. आणि मी आपली त्याच्यात कान घालून बसले होते, आधीही, आणि आता या पोरीच्या बाबतीतही.

मी तिला म्हटलं, तुला हवं तसं वाजव. फक्त शेवटच्या ठोक्याआधी मला मोठ्याने हाक मार. ती म्हणाली, काय म्हणून? म्हटलं, ताई म्हण. तिने वाजवलं, लय चढवली, आणि गाळ्याचं शटर हलेल अशा आवाजात ओरडली, "ताई!" मी आले. सुशांत आला. ते तुझं ‘टँकर’ नव्हतं. वाईट नव्हतं, जया. लोकांना कसं वाटेल माहीत नाही, काही जण तोंड वाकडं करतील, व्हिडिओतलं कुठे गेलं म्हणतील. म्हणू देत. शनिवारी तसंच वाजवणार आहोत. तुझी आई पुढच्या रांगेत असणार आहे, मीच घेऊन येणार आहे त्यांना.

भीती गेली असं मी तुला लिहिणार नाही. शनिवारी काळोख झाला की मी तुझ्याच बाजूला कान देईन, ती सवय काही आठवड्याभरात जायची नाही. पण हाक आली की मी येईन. आणि यापुढे गाणं हळू होऊ दे, पळू दे, मी त्याला काही विचारणार नाही. शो संपल्यावर खाली उतरून माणसांना विचारीन, एकेकाला, बरं आहे ना म्हणून. कोणी थट्टा करून उडवून लावलं तर हसून सोडून देणार नाही, पुन्हा विचारीन. हे वचन.

तुला मी एकदाच विचारलं होतं, आणि तेसुद्धा गाण्याबद्दल.

तुझी मास्तरीण,
गौरी