कातरणीचा दिवस

आप्पा, तुम्ही मेलात तेव्हा मी रडलो नाही. तेरा वर्षांच्या पोराला धक्का बसला असेल, असं लोक म्हणाले. धक्का कसला, सुटल्यासारखं झालं होतं मला.

पण सुटलो कुठं? दोन महिन्यांपूर्वी यवतजवळ हायवेला गाडी वळवत होतो. मागं ती बसलेली, केडगावची, जिच्यासाठी मी काय पण करीन. तिनं लाडानं माझ्या मानेवर हात ठेवला. मला कळायच्या आत माझं कोपर मागं गेलं आणि ती खाली पडली. गुडघा फुटला. वर मीच ओरडलो, "हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना!" ती उठली, ओढणीनं रक्त पुसत म्हणाली, "मेंढरू हायेस का रं? लाथा कशाला झाडतोस?"

ती काय बोलून गेली ते तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आहे.

कातरणीचा दिवस होता. भाऊबंद जमलेले, अंगणात लोकरीचे ढीग. मी दौंडला केस कापून आलेलो, कानावर बारीक रेघ मारून. बारा वर्षांचा होतो हो मी! "आलं बघा हिरो," कुणीतरी म्हणालं आणि तुम्ही हातातली मेंढी सोडून मला धरलंत. तिच्यासारखेच माझे पाय बांधलेत, मानेवर गुडघा दिलात आणि त्याच कातरीनं माझं डोकं भादरलंत. "हलू नगं, कातडं निघंल." सगळे हसतायत. आई भाकरी थापतेय, वर बघत नाही. माझ्या तोंडात माती, कानाशी कचकच, आणि मी हलत नाही.

दहा वर्षं झाली, मान अजून तिथंच आहे. कॉलेजात मागच्या बाकावरच्यानं मानेवर टपली मारली, त्याचा दात पाडला आणि दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. केस आरशात बघून माझे मीच कापत आलो, वाकडेतिकडे. हे सगळं तिला रस्त्याच्या कडेला बसून सांगितलं.

"वाईट झालं," ती म्हणाली. "पर ह्यो गुडघा तुज्या आप्पानं न्हाई फोडला. सलूनच्या खुर्चीत बसशील, तवाच मी तुज्या गाडीवर बसंन."

दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे तीच घेऊन गेली. मॅडम म्हणाल्या, तो दिवस सरला हे मनाला कळतं, अंगाला शिकवावं लागतं. पाय जमिनीला दाबायचे, श्वास सावकाश सोडायचा, आधी आपलाच हात मानेवर ठेवायचा. मला हसू आलं. पण रोज केलं, तिच्यासाठी.

काल बसलो. ती दारात उभी. कातर कानाशी आली आणि शर्ट घामानं चिकटला. "फॅन वाढवू का, दादा?" न्हाव्यानं विचारलं. मी पाय रोवले. उठलो नाही. शेवटी त्याला ब्रश सापडेना, म्हणून मानेवरचे केस उडवायला त्यानं फुंकर मारली, आणि मला रडू फुटलं.

तुम्हीही मारली होतीत. पाय सोडल्यावर, मेंढीला मारायचात तशीच, हळू.

घरी जाताना ती गाडीवर बसली. "भ्यालास व्हय?" तिनं विचारलं. मी "व्हय" म्हटलं. खोटं बोललो. त्या दिवशी तुम्ही फुंकर मारलीत तेव्हा मी मान आपणहून पुढं केली होती.

तुम्हाला माफ केलेलं नाही. पत्ता असता तरी हे पत्र टाकलं नसतं. मान पुढं केल्याची तेवढी एक ओळ वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं.