कान तुटका कप

७ डिसेंबर १९५९, सोमवार
जमलं! नळी नितळ राहिली! सशाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं अंड्याच्या पांढऱ्याशी मिसळली की गढूळ साका धरतात. पण पपईच्या चिकानं त्यांचे तुकडे केले, की ते तुकडे अंड्याला नुसते चिकटतात – साका नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख मधुकरराव म्हणाले, "आणखी एकदा दाखवा, मग हे काम तुमचं." नाहीतर आहेच – बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणं.

चीक आमच्याकडे कामाला येणाऱ्या धुरपताबाईंच्या परसातला. आणला कशात? आई त्यांच्या चहासाठी खिडकीत वेगळा ठेवते, त्या कान तुटक्या कपात! बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली त्यांना, कप मात्र तोच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली पितळी वाटी दिली – यापुढे चीक यातच आणा.

"तुमच्या मायबाईले इचारलं का?" त्या म्हणाल्या.

९ डिसेंबर
गढूळ.

११ डिसेंबर
परत गढूळ! मधुकरराव म्हणतात, "बाईनं पाणी घातलं असेल." सोमवारी शेवटची संधी.

आणि मी गाढवीण, संध्याकाळी गाडीतून घरी सेलूला उतरल्या उतरल्या तेच विचारून आले! धुरपताबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी कायले पानी घालू, ताई? तुमचीच वाटी, तुमचाच इश्वास नाई?"



१२ डिसेंबर
वाटी घासायला घेतली. कल्हई उडालेली, तळाला हिरवट डाग. पितळेत तांबं असतंच – आणि तांब्यानं चिकाची सगळी धार जाते! पुस्तकात लिहिलेलं आहे, मीच वाचलेलं आहे. माझ्याच सुधारकीनं घात केला!

तशीच धावत जाऊन माफी मागितली. त्या फसकन हसल्या. "म्हंजे तो फुटका कपच बरा होता म्हना की!"

खिडकीतला कप उचलून त्यांना दिला.

१४ डिसेंबर
नितळ! पाण्यासारखी नितळ! काम माझं. कप आता प्रयोगशाळेतच राहणार.

१५ डिसेंबर
सकाळी धुरपताबाई आल्या. आईचा हात सवयीनं खिडकीकडे गेला. कप नाही. चहा उकळतोय, आई नुसतीच उभी. शेवटी आपल्याच कपबशीत ओतून दिला. धुरपताबाईंनी सावकाश प्यायला. मी पाठ करून उभी – रडू येत होतं.

१६ डिसेंबर
आईनं विचारलं, "तो कप परत कधी आणशील?"
"फुटला," म्हटलं.