आत्याचं विरजण

८ एप्रिल २०१९
आत्याची शेवटची म्हैस काल विकावी लागली. तिकडं अजिंठ्याला ना पाणी, ना चारा. फोनवर रडली, पण म्हशीसाठी नाही. “विरजण मरंल गं. सासूबाईंच्या हातचं हाय. पिशवीच्या दुधात धड लागंना.” म्हटलं, घेऊन ये. दह्या-चीजची विरजणं गोठवून वाळवायची, लॅबमध्ये रोज दुसरं काय करते! “दही वाळवत्यात व्हय?” हसली तरी.

११ एप्रिल
आत्या एसटीनं आली, मांडीवर डबा. आमच्या पडेगावचा टँकर आजही नव्या बिल्डिंगींकडं वळला, लॅबचं पाणी कसंबसं पुरवलं. विरजण दुधात वाढवून, गोठवून वाळवायच्या मशीनमध्ये टाकलंय. आता फक्त लाइट जाऊ नये.

१३ एप्रिल
लाइट राहिली! पांढरी भुकटी, कुप्या बंद. मी हवेत. मग आत्याचा डबा घासायला घेतला, तर तळाशी लाल मिरची. देठासकट.
“वेशीबाहेर दही न्यायचं तर टाकावीच लागती. नजर लागती.”
डोक्याला हात लावला. मिरचीच्या देठावर स्वतःचे जिवाणू असतात, नुसत्या देठानंही दही लागतं. मग कुपीत नक्की कोण, सासूबाई का मिरची?
“घरी उरलंय का?”
“दूध कुठंय घरी? समदं आणलं की.”
ओरडले तिच्यावर.

१५ एप्रिल
चहा पिता पिता आत्या, अगदी सहज: “सखूला दिलतं की मागं.” सखू तिची शेजारीण, तिच्या शेळ्या अजून आहेत, म्हणजे विरजणही चालू असणार.
“त्यात मिरची?”
“गावातल्या गावात कशाला?”
मिठीच मारली. तशीच अजिंठ्याची एसटी पकडली. डबा मी स्वतः भरला. सखूबाई मिरची घेऊन मागं मागं. “टाक गं बाई.” नाही म्हटलं. “मग तुझं तू बघ.”

१९ एप्रिल
नव्या भुकटीचं दही छान लागलं. कुठलं ते न सांगता आत्यापुढं वाटी ठेवली. चाखलं. पुन्हा चाखलं. “सासूबाईंचं.”
हुश्श. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.
मग आत्या फ्रीजरपुढं उभी. “किती दिस टिकंल?”
“वर्षानुवर्षं.”
“म्हंजी माझ्याहून जास्त. झालं मग. मिटलं.”
मिटलं म्हणे. म्हैस परत कधी घ्यायची, हा विषय ना तिनं काढला, ना मी.