दार लावून नुसते बसणे

आई, तुझा पुतण्या अजूनही लग्नाकार्यात सांगतो की, त्याने दार फोडले म्हणून तू वाचलीस. हे खरे नाही. ते क्रियापद तेथे लागूच पडत नाही. तू मरत नव्हतीस, बसली होतीस. त्या दुपारी शहापूरहून येऊन मी नुकतेच अंगणात पाऊल ठेवले होते, म्हणून खात्रीने सांगतो.

बाबा गेल्यावर, नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत, साऱ्या पाड्याने तुझ्यावर नजर ठेवली. मायेनेच ठेवली, हे मी नाकारत नाही. तू कधी उठलीस, काय शिजवलेस, किती खोकलीस, हे मला वैशाखऱ्याच्या थांब्यावर एसटीतून उतरताच कळत असे. आपल्याकडे दिवसा दार बंद म्हणजे आजारपण किंवा भांडण. त्या दिवशी तू आतून मुसळ टेकवून दार लावलेस आणि हाकांना ओ दिली नाहीस. मोडक्या दारातून तू मला दिसतेस: भाताच्या कणगीला पाठ टेकून, पाय पसरून, केस मोकळे सोडून.

"बसलेली. नुसती," तू म्हणालीस.

"नुसती बसाया दार कशाला लावाचा गो?" शेजारची काकी रडतच ओरडली. "आमचा जीव गेला ना इथं!"

"कुठं गेलाय? बोलतेस ना."

सगळे हसले. तू केस बांधलेस आणि दार फोडणाऱ्यांनाच चहा केलास.

मी निघताना मात्र हळूच म्हणालीस, "येताना कडी आन रे. आतून लावाची." मी आणली. ती बसवताना निम्मा पाडा जमला. प्रत्येकाने लावून, काढून पाहिली. त्यामुळे तिचा आवाज सर्वांच्या ओळखीचा झाला. तू ती लावताच बाहेरून हाक येई, "काय गो, बरी हायेस ना?" तुला हवा होता तो भात शिजेल एवढाच वेळ. पुढे तू कडी लावणेच सोडलेस.

आता मी वाशिंदला इमारतीत एकटा राहतो. दाराला दोन कड्या आहेत, आणि बाहेर पाहण्यासाठी काचेचे भोक. शेजारी मला त्यातून दिसतात तेवढेच ठाऊक. तुझी कडी मी घर पाडताना काढून आणली. हे पत्र तिच्याखालीच राहील.

पुतण्याच्या तारखाही चुकतात, म्हणून येथे नीट मांडतो. दार फोडले ते चैत्रात, श्रावणात नव्हे. कडी बसली ती ज्येष्ठात, पेरणीआधी. तू गेलीस ती कार्तिकात, भर दुपारी, उघड्या दारात, चारचौघांसमोर. पहाटे झोपेत नव्हे. आणि आज, मार्गशीर्षातल्या या सोमवारी, माझे दार सकाळपासून मुद्दाम उघडे आहे. अजून कोणी डोकावलेले नाही.