अंदाजे चाळीस किलो

३ मार्च
प्रोफेसरच्या पोस्टचा इंटरव्ह्यू सतरा तारखेला. रिटायरमेंटला चौदा महिने उरलेत, म्हणजे हा शेवटचा चान्स. काळजी नाही. जनावरांना भूल देण्यात या कॉलेजात एकतीस वर्षं माझंच नाव. दुसरी उमेदवार कोण, तर माझीच विद्यार्थिनी बुद्धप्रिया! मंद्रूपहून एसटीने यायची, डबा माझ्या केबिनमध्ये खायची. तिला सुई धरायला मी शिकवलं. मला राग आलेला नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की दहापर्यंत मोज. मोजले. सहापर्यंत.

८ मार्च
बुद्धप्रियाने जनावरांचा वजनकाटा मागवला. मला न विचारता! म्हणाली, "मॅडम, डोस वजनावरच असतो की." मला सांगते! जनावर दारातून आत येतानाच मी किलो सांगते. आजवर चुकले नाही. करमाळ्याचा तो बैल सोडून. आणि दोन कुत्री.
संकल्प: उद्यापासून तिच्याशी गोड बोलायचं.

९ मार्च
बोलणं झालं नाही. ओरडणं झालं.

१६ मार्च
उद्या कमिटीसमोर मेंढीला भूल द्यायची आहे. सीनियर म्हणून मीच देणार. निळी इरकल काढून ठेवली. सिस्टरांची फार आठवण आली.

१७ मार्च, दुपारी १
सांगोल्याच्या सोजरबाई मेंढी घेऊन आल्या. पायावरची गाठ काढायची होती. मी पाहताक्षणी म्हटलं, चाळीस किलो. काटा नको. सोजरबाई म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, औंदा कातरली न्हाय तिला. दिसती ती समदी लोकर हाय, आत नुसती हाडं." कमिटीदेखत मला शिकवतात! दहापर्यंत मोजायला वेळ नव्हता. चाळीसचा डोस दिला.

दुपारी ४
गाठ निघाली, टाके पडले, कमिटीचा चहा झाला. मेंढी उठत नाही. श्वास अगदी मंद. सोजरबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यात. "दोन कोकरं हायती वो हिच्यामागं," एवढंच म्हणतात. भूल उतरवायच्या औषधालाही वजन लागतं, म्हणून बुद्धप्रियाने झोपलेली मेंढी उचलून काट्यावर ठेवायला लावली. सव्वीस.
तिने सव्वीसच्या हिशेबाने औषध भरलं आणि टोचलं. त्याचाच जास्त राग आला.

सव्वापाच
मेंढी उठली. माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलचा कोपरा खाल्ला. सोजरबाई जाताना म्हणाल्या, "लई घाई केलीसा, बाई."
लोकर न कातरता जनावर आणतात, आणि घाई माझी!

२५ मार्च
पोस्ट बुद्धप्रियाला. कमिटीला भूलशास्त्रातलं काही कळत नाही. ती पेढे घेऊन आली, सोबत तिची विद्यार्थीदशेतली वही. पहिल्याच पानावर लाल शाईत: 'डोळ्यांवर विसंबू नये. आधी वजन, मग औषध.' म्हणाली, "मॅडम, हे तुम्हीच लिहून दिलं होतं. तेवढंच मी धरून ठेवलं."
अक्षर सुरेख आहे. कॉन्व्हेंटचं.
दहापर्यंत मोजले. पहिल्यांदाच पूर्ण.

२६ मार्च
वजनकाट्याचा चार्ज माझ्याकडे दिला. पहिली शेळी आली. मनात बत्तीस म्हटलं.
काट्यावर एकवीस.
रजिस्टरमध्ये एकवीस लिहिलं. सहीसाठी प्रोफेसर मॅडमकडे पाठवलं.