बिनरंगाचा चिमटा

मी, भिकाजी सखाराम मांडवकर, वय सदुसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार देवरूख, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. 

१. राहते घर मुंबईचा पुतण्या राजाराम यास द्यावे. माझी बायको काशी वारल्यापासून या घरात नऊ वर्षे एकच ताट वाढले जाते. दुकानाचे कुलूपही त्यालाच द्यावे. दुकान कधी बंद करता, एवढेच तो पत्रात विचारतो.

२. दुकानातली हत्यारे आणि मी बनवलेली सायकल दादू शिगवण पोस्टमनची मुलगी शालन हिला द्यावी. ती डोंगरावरच्या शाळेत शिकवायला चालत जाते. साडीत बसता यावे म्हणून सायकलची दांडी उतरती केली आहे. पुढच्या चाकाचा चिमटा दुहेरी नळीचा असून त्यात मोपेडच्या स्प्रिंगा बसवल्या आहेत. हँडलवर भाताचे पोते बांधून ही सायकल मी वर्षभर रोज जांभ्याच्या पायऱ्यांवरून उतरवली. पायऱ्या झिजल्या, चिमटा हलला नाही. त्याला रंग कधीही लावू नये, तेलाचे फडके फिरवावे. तडा गेला तर दिसला पाहिजे.

३. याचे कारण असे. अकरा वर्षांपूर्वी खंडेनवमीला दादूने पूजेसाठी सायकल रंगवायला आणली. सणाची गर्दी होती. जुना रंग खरवडून लोखंड बघायचे, ते सोडून मी त्यावरच रंगाचा नवा हात मारला. दादूने विचारले, "चिमटा बगितलास ना रं नीट?" मी म्हणालो, "बगितला, जा." दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी घाटात चिमटा हँडलच्या मानेखाली तुटला. तडा जुना होता. दादूचा गुडघा कायमचा गेला. मी बाजारात सांगत सुटलो की त्याने नारळांचे पोते लादले होते. पोते नव्हते. तो रोज काठी टेकत दुकानावरून जातो आणि मान फिरवतो. दोस्त म्हणावा असा मला दुसरा कोणी नव्हता. हे मला फार लागते.

४. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून दादूच्या नावे काहीच ठेवलेले नाही. दुसरी साक्ष त्याचीच हवी, इतर कोणाची घेऊ नये. त्याने सही केली नाही तर हा कागद फुकट आणि सायकल राजाराम भंगारात घालेल, हे जाणून लिहिले आहे.

देवरूख, जि. रत्नागिरी. २० ऑक्टोबर १९८६.
(सही) भिकाजी सखाराम मांडवकर

साक्षीदार:
१. (सही) रामा गोविंद गोताड, शेजारी, शिंपी. भिकाजींनी माझ्यादेखत सही केली. २० ऑक्टोबर १९८६.

२. (सही) दादू धोंडू शिगवण, निवृत्त पोस्टमन. भिकाजीने आपली सही मला दाखवली. सगळे वाचले. या वेळी चिमटा मी स्वतः बघितला, मग सही केली. ९ नोव्हेंबर १९८६.